वर्षभर ठेव, विचारू नको

१

सगळं ताजं हवं असा हट्ट धरणाऱ्या माणसाला रुग्णालयात सगळे ताजेराव म्हणू लागले, यात नवल नव्हतं. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. चहा ताजा हवा, यादी ताजी हवी, भिंतीवरचं वेळापत्रक कालचं असलं तर ते स्वतः उठून फाडायचे.

त्यांचं कामही तेच. रुग्णालयातल्या प्रत्येक रुग्णाचं इंटरनेटवर एक पान असे. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई त्यावर एखादी ओळ लिहीत आणि खाली बसलेले नातेवाईक ती मोबाइलवर वाचत. 'प्रकृती स्थिर.' 'शस्त्रक्रिया सुरू.' 'घरी सोडले.' वाईट बातमी पानावर लिहायची नाही, ती समोरासमोर सांगायची, असा मोठ्या डॉक्टरांचा नियम होता. तशी वेळ आली की पानावर एकच ओळ येई: 'नातेवाइकांनी ताबडतोब वर यावे.' कुणी आलं नाही तर दुसरी सूचना, मग तिसरी. त्यापुढे त्या पानावर काही लिहिलं जात नसे. ही पानं सुरू झाल्यापासून वरून खाली निरोप घेऊन येणं बंद झालं होतं, कारण पान होतं ना.

आता ब्राउझर हा गडी मुळातच आळशी. एकदा आणलेलं पान तो गुपचूप खिशात ठेवतो आणि पुन्हा मागितलं की सर्व्हरला न विचारता खिशातलंच काढून दाखवतो. क्रिकेटच्या बातमीला ते चालून जाईल, इथे कसं चालणार? म्हणून ताजेरावांनी प्रत्येक पानाच्या वर, वाचणाऱ्याला न दिसणारी एक आज्ञा लिहिली होती: साठवू नको, दर वेळी विचार. या एका ओळीचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

घरी मात्र त्यांची एक खोड होती. बायकोचं ऑपरेशन झालं त्या दिवशी ज्या मोबाइलवर ते तिचं पान बघत बसले होते, तो जुना मोबाइल त्यांनी फळीवर चार्जिंगला लावून ठेवला होता. रोज कामावर निघताना ते त्यावर बोट ठेवायचे. 'खाट नऊ. प्रकृती स्थिर.' एवढं वाचलं की दिवस बरा जातो, अशी त्यांची समजूत झाली होती.

"सावकाश या, घाई कसली," बायको ओट्यापाशी उभी राहून म्हणायची.

"येतो गं," ते म्हणायचे.

एके सकाळी चप्पल घालताना त्यांना घंटा ऐकू आली. तीन बारीक ठोके, डोक्यावरून. वॉर्डात खाटेशेजारी जी बटणाची घंटा असते, तशी. त्यांचं ऑफिस बरोबर वॉर्डाखाली असल्यामुळे ती दिवसभर कानात असायची. कानच ते, घरीही घेऊन आलो, असं म्हणून त्यांनी दार ओढलं. घर बैठं होतं. वर पत्रा आणि पत्र्यावर आकाश.

२

"तुमच्या लाडक्या पानांची तक्रार आलीये," खिडकीताई म्हणाल्या. चौकशीच्या खिडकीत वीस वर्षं बसल्यामुळे त्यांना हेच नाव पडलं होतं. "एक आजी तिसऱ्यांदा आल्यात. मोबाइलवर अजून 'खाट चौदा, प्रकृती स्थिर' दिसतंय. आजोबा जाऊन वर्ष होत आलं. मी स्वतः रजिस्टर बघितलं."

"अशक्य," ताजेराव म्हणाले. "माझं पान शिळं राहत नाही."

"मग आजींनाच सांगा. तिकडे बाकावर बसल्यात."

आजी बारीक चणीच्या होत्या आणि मोबाइल दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. ताजेरावांनी पान बघितलं. ते खरंच वर्षापूर्वीचं होतं. त्यांनी चार शब्द दिलगिरीचे जमवले आणि म्हणाले, "आजी, दोन मिनिटांत पुसून देतो."

आजींनी मोबाइल छातीशी ओढला. "पुसायला नाही आले मी. माझा भाचा म्हणाला, ही जुनी प्रत आहे, मुदत संपली की आपोआप जाईल. ती कधी संपते, ते विचारायला आले."

"पण जुनी प्रत ठेवून करायचंय काय?"

"ते घरी आहेत तोवर राहू दे म्हटलं."

ताजेराव त्यांच्या शेजारी बसले. अशी माणसं रुग्णालयात येतात, त्यांच्याशी कसं बोलायचं हे त्यांना ठाऊक होतं. "कोण घरी आहेत, आजी?"

"आमचे हे. आठव्या दिवशी आले की." आजी अगदी सहज बोलत होत्या. "आल्यापासून खुर्चीत बसून असतात. 'खिडकी लाव, गार वारा येतोय' म्हणतात. मी लावते. मग पुन्हा म्हणतात. दुसरं काही बोलत नाहीत हो. भांडतसुद्धा नाहीत. त्या दिवशी सकाळी वॉर्डात हेच म्हणाले होते, मी खाली यायच्या आधी."

ताजेराव हसायच्या बेतात होते. मग त्यांना वाटलं, आज सकाळी दार ओढताना आपल्याला जे वाक्य ऐकू आलं, ते काल आलं होतं, परवाही आलं होतं. त्यात विशेष काय? संसार म्हणजे रोज तीच वाक्यं. त्यांनी आजींना उद्या सांगतो म्हणून उठवलं.

३

चूक शोधायला त्यांना तासही लागला नाही, कारण ती त्यांचीच होती.

बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी चित्रं पाठवून पाठवून सर्व्हर दमला होता. कंप्युटर विभागाचे मास्तर म्हणाले होते, चित्रांवर लांबची मुदत टाका, दर वेळी ती पाठवत बसायला नको. चित्रं बदलत नाहीत. त्यांच्यासाठी आज्ञा वेगळी असते: वर्षभर ठेव, विचारू नको. बायकोला नुकतंच लिफ्टमधून वर नेलं होतं, ताजेरावांचं अर्धं लक्ष वरच होतं, आणि चित्रांची ती ओळ त्यांनी पानांवर टाकली.

अकरा चाळीस ते बारा पंचवीस. पंचेचाळीस मिनिटांनी मास्तरांच्या लक्षात आलं आणि ओळ बदलली गेली. कुणाला काही कळलं नाही. पण त्या पंचेचाळीस मिनिटांत ज्यांनी पान उघडलं, त्यांच्या ब्राउझरने ते वर्षासाठी खिशात घातलं. ते आता परत मागवता येत नव्हतं. जो विचारायलाच येत नाही, त्याला सर्व्हर उत्तर देणार कसं?

सर्व्हरच्या नोंदवहीत त्या वेळात उघडलेली पानं त्यांनी मोजली. दोनच होती. अकरा त्रेचाळीसला खाट चौदा. अकरा बावन्नला खाट नऊ.

दुसऱ्या ओळीकडे ताजेराव बराच वेळ बघत राहिले. बरं, असेल. पान जुनं राहिलं म्हणून काय झालं? बायको तर आठव्या दिवशी घरी आली. टॅक्सी आली होती, तिच्या मांडीवर पिशवी होती. पिशवी कुठल्या रंगाची होती ते आठवेना, पण पिशवीचा रंग कोण लक्षात ठेवतं? आणि हो, ऑपरेशनच्या दिवशी खाली बसले होते तेव्हा घंटा वाजली होती. वरून, तीन बारीक ठोके, थांबून पुन्हा तीन. त्यांनी मान वर केली होती, मग मोबाइलकडे बघितलं होतं. 'प्रकृती स्थिर.' दुसऱ्या कुणाची तरी घंटा असेल म्हणून ते बसून राहिले होते.

ते खिडकीशी गेले. "ताई, खाट नऊ. त्या दिवसाची. शेवटची ओळ काय आहे?"

खिडकीताईंचे हात कीबोर्डवर थांबले. "कशाला आता?"

"घरी सोडले असंच असेल ना?"

"ताजेराव," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही चार दिवस सुट्टी घ्या. लेकीकडे जा, चिमीकडे."

हे इथल्या सगळ्यांचं नेहमीचंच. वर्षभरात एकानेही वहिनी कशा आहेत म्हणून विचारलं नव्हतं. 'बायको वाट बघत असेल' म्हटलं की माणसं आपापल्या कपात बघायची. ताजेरावांनी ते तुसडेपणात काढलं होतं. आपल्या जागेवर परतल्यावर खाट नऊचं पान उघडायला एक बोट पुरे होतं. त्यांनी हात खिशात घातला आणि घरी गेले.

४

बायको ओट्यापाशी होती. अंगात तोच राखाडी स्वेटर, दुसरं बटण एका दोऱ्यावर लोंबत असलेला.

"हे बटण तेवढं लावायचं राहिलं," ती म्हणाली.

किती दिवस लोंबतंय हे, असं त्यांच्या मनात आलं. दोरा वर्षभर तुटला नव्हता आणि बटण वर्षभर लावलं गेलं नव्हतं.

"अगं, एक विचारू?" ते स्टूल ओढून बसले. "चिमी राहते ती इमारत कुठल्या रंगाची आहे?"

"चिमीला म्हणावं, मी बरी आहे."

"ते म्हणतो. पण रंग कुठला?"

ती गोड हसली. "माझा चष्मा पर्समध्ये आहे हं."

"आज मी ऑफिसात काय केलं, ते विचार ना. एकदा विचार मला."

"सावकाश या, घाई कसली."

चार वाक्यं. ताजेरावांनी बोटांवर मोजली, पाचवं सापडेना. चारही त्या सकाळची होती. बटणाचं खाटेवर बसून म्हणाली होती, चष्म्याचं नर्सबाईंनी दागिने काढायला सांगितले तेव्हा, चिमीचं लिफ्टची वाट बघताना. आणि शेवटचं, लिफ्टचं दार लागताना. त्यांनी 'मी जेवून लगेच वर येतो' म्हटलं होतं, त्यावर.

लेक दर रविवारी फोन करायची आणि आईला द्या असं कधी म्हणायची नाही. त्यावरून त्यांनी मनात राग धरला होता. एकदाच ती म्हणाली होती, "बाबा, निदान तुम्ही तिच्याजवळ होतात. मला तेवढंच पुरतं." ऑपरेशनबद्दल म्हणत असेल असं समजून ते 'हो गं, होतो ना' म्हणाले होते.

घंटा वाजली. डोक्यावर, पत्र्याच्याही वर कुठेतरी. बायकोने मान वर केली नाही. तिने नळ सोडला आणि एक कप धुवायला घेतला, तो काल धुतला होता तोच.

ताजेरावांना तिची भीती वाटायला हवी होती. तसं झालं नाही. त्यांना ती जाईल याची भीती वाटली, आणि ती इतकी मोठी होती की दुसऱ्या कशाला जागाच राहिली नाही.

५

वर्ष गुरुवारी भरत होतं. जन्मभर शिळी पानं घालवलेल्या माणसाने आता एक शिळं पान टिकवायचं ठरवलं. तसं ते अवघड नव्हतं. ब्राउझर मुदत मोजतो ती मोबाइलच्या घड्याळावर. ताजेरावांनी फळीवरच्या मोबाइलचं इंटरनेट बंद केलं, वाय-फाय बंद केलं, आपोआप वेळ लावायचं बटण बंद केलं आणि तारीख अकरा महिने मागे नेली. नेटच नाही म्हटल्यावर विचारायला जाणार कुठे, आणि मुदतच संपली नाही म्हटल्यावर विचारणार कशाला?

गुरुवारी सकाळी आजी बाकावर येऊन बसल्या, तेव्हा त्यांनी हीच युक्ती त्यांच्या कानात सांगितली. "आणा इकडे, मी करून देतो. मग कितीही वर्षं राहील."

"तसेच राहतील?"

"अगदी तसेच."

आजींनी विचार केला. "पूर्वी ते किती भांडायचे, तुम्हाला सांगते. भाजी तिखट झाली तरी भांडण, आळणी झाली तरी भांडण." त्यांनी चष्मा पुसला. "वर्षभर खिडकी लावते आहे मी. नको बाबा. मला विचारू दे एकदा."

"आजी, विचारू नका."

"का? तुम्हाला ठाऊक आहे का काय आहे त्यात?"

ताजेरावांनी वर बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा त्रेचाळीस झाले. आजींनी पान बोटाने खाली ओढून सोडलं. छोटं चक्र फिरलं आणि नवी ओळ आली. त्यांनी ती ओठ हलवत वाचली, मग पुन्हा वाचली.

"नातेवाइकांनी ताबडतोब वर यावे. तिसरी सूचना." त्यांनी मान वर केली. "मला बोलावलं होतं?"

ताजेरावांनी मान खाली घातली.

"तीनदा? अहो, पण मी इथेच होते. याच बाकावर. दोन जिने तर चढायचे होते." त्या जिन्याकडे बघत होत्या. "मी सारखी बघत होते मोबाइलमध्ये. स्थिर लिहिलं होतं, म्हणून मी घरून आणलेला डबासुद्धा खाल्ला."

"यंत्राची चूक झाली, आजी," ताजेराव म्हणाले.

आजींनी मान हलवली. यंत्राला काय बोलणार? त्यांनी शेजाऱ्यांना फोन लावला, घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. जरा आत डोकावून बघता का, म्हणाल्या. पलीकडून काय उत्तर आलं ते ताजेरावांना ऐकू आलं नाही. आजींनी एवढंच विचारलं, "आणि खिडकी?" मग 'उघडी आहे होय' म्हणून फोन पर्समध्ये ठेवला आणि हळूहळू दाराकडे गेल्या. खरं सांगायला ताजेराव चार पावलं त्यांच्या मागोमाग गेले होते, पण तेवढ्यात मास्तरांनी हाक मारली आणि त्यांना बरंच वाटलं.

६

पुढचे महिने त्यांनी घरात काढले. सुट्टी घेतली, ती संपल्यावर पुन्हा घेतली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते फळीवरचा मोबाइल उतरवून तारीख मागे नेत, पुन्हा वर ठेवत. बायको कप धुवायची. ते तिच्याशी बोलत बसायचे, आणि बोलणं असं रचायचे की शेवटी तिचं एखादं वाक्य नेमकं बसावं.

"मी जरा पडतो गं. दुपारी उठवशील?"

"सावकाश या, घाई कसली."

असं जमलं की त्यांना आनंद व्हायचा, आणि मग ते भिंतीकडे तोंड करून रडायचे. वाढत चालली होती ती फक्त घंटा. आता ती दिवसातून पाच-सहा वेळा वाजे, आणि ठोके सारखे नसत. कधी घाईचे, कधी कुणीतरी बटणावर बोट ठेवून विसरून गेल्यासारखे. त्यांनी शिडी लावून पत्रा तपासला. पत्र्यावर पालापाचोळा होता.

लेक आली ती न कळवता, भर दुपारी. फोन उचलत नाही म्हणून पहिली गाडी पकडून आली होती. दारातच तिने बापाकडे बघितलं आणि बॅग खाली ठेवली.

"बाबा, काय अवस्था करून घेतलीत ही?"

"बरा आहे मी. बस ना. आई आत आहे."

चिमी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. नळ वाहत होता. ती आत बघत होती, आणि काय बघत होती ते तिच्या पाठीवरून ताजेरावांना कळेना.

"ओट्यावर दोन कप कशाला?" तिने शेवटी विचारलं.

"दोघांना दोन."

बाहेर येऊन तिने दोन्ही खिडक्या उघडल्या, अंथरूण झटकलं, वर्तमानपत्रांचा ढीग उचलला. लहानपणापासून तिचं असंच, वाईट वाटलं की आवरायला घ्यायची. तुम्ही तोंड धुऊन या, मी चहा टाकते, म्हणाली. मायेने बोलली, म्हणून ताजेराव उठले आणि मोरीत गेले.

७

तोंडाला साबण असताना त्यांना तिचा आवाज आला.

"बाबा, या मोबाइलवर गेल्या वर्षीची तारीख आहे. नेट पण बंद. असं कसं वापरता हो तुम्ही? थांबा, लावून देते."

"चिमे, ठेव ते," ते ओरडले. डोळ्यांत साबण गेला. टॉवेल सापडेना. भिंत धरत ते बाहेर आले.

"झालं पण," ती म्हणाली. ती खाली मान घालून उभी होती, मोबाइल तिच्या तळहातावर होता.

स्वयंपाकघरात काहीतरी बारीक फरशीवर पडलं. पडलं आणि घरंगळलं, गोल गोल फिरत भिंतीला लागून थांबलं. बटणच असणार. ताजेरावांना ते बघायला जावंसं वाटलं नाही. मग नळ थांबला. चिमी तर इथे त्यांच्यासमोर होती.

"खाट नऊ," चिमीने वाचलं. "नातेवाइकांनी ताबडतोब वर यावे. अकरा अठ्ठावन्न. दुसरी सूचना, बारा सहा. तिसरी, बारा अकरा." तिने नजर वर केली. "हे आईचं आहे?"

ताजेरावांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"बाबा, तुम्ही तर म्हणालात, तुम्ही जवळ होतात."

"खाली होतो," ते म्हणाले. "माझ्याकडे स्थिर दिसत होतं. ती ओळ मीच टाकली होती गं. चित्रांची होती. मी पानावर टाकली."

तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. कळलं एवढंच, की आई तेरा मिनिटं बोलावत होती आणि दोन जिने खाली हा माणूस बसून होता. ती खुर्चीत बसली. तिने मोबाइल टेबलावर ठेवला, उपडा.

घरात आता काहीच वाजत नव्हतं, आणि त्या शांततेत घंटा सुरू झाली. या वेळी ती अंधूक नव्हती. तीन ठोके, थांबून तीन, बरोबर त्यांच्या डोक्यावर, अंतर मोजायचं तर दोन जिन्यांइतकं. ताजेरावांनी लेकीकडे बघितलं. तिने काही ऐकल्याचं दिसत नव्हतं.

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला आणि दारापाशी जाऊन चपला घातल्या. मग खोलीच्या चारी भिंती ते हाताने चाचपत निघाले. कपाटाच्या मागे बघितलं, मोरीच्या दाराआड बघितलं, कुठेतरी पहिली पायरी असायलाच हवी होती.

"बाबा, काय शोधताय?"

"मी वर जाऊन येतो," ते म्हणाले. "ताबडतोब बोलावलंय."

"वर कुठे, बाबा? आपल्या घराला वर काही नाही."

"माहितीये," ताजेराव म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या भिंतीपासून सुरुवात केली.